दुसऱ्यांदा लंडन: टिळकांच्या घरापासून आंबेडकरांच्या घरापर्यंत, आणि त्यापलीकडे

पहिल्या खेपेला लंडन बघताना बहुतेकांचा नकाशा ठिपक्यांचा असतो. टॉवर, बिग बेन, लंडन आय, राजवाडा, ब्रिटिश म्युझियम. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जमिनीखालच्या ट्यूबने उडी मारायची आणि वर येऊन फोटो काढायचा. त्यात चूक काहीच नाही, पहिली खेप तशीच करावी. दुसऱ्या खेपेला मात्र ठिपके सोडून रेघा काढाव्यात. सकाळी एका टोकाला उतरायचं, तीन-चार तास पायी चालायचं आणि दुसऱ्या टोकाला गाडी पकडायची. दोन ठिकाणांच्या मधलं लंडन पहिल्या वेळी हमखास राहून गेलेलं असतं, आणि खरं शहर तिथेच आहे. या लेखात अशा काही रेघा दिल्या आहेत. कुठल्या वारी निघायचं, कुठे वाट तुटते, कशाचं बुकिंग आधी लागतं, हेही सोबत आहे. मराठी माणसाने चुकवू नये अशी रेघ सर्वांत सविस्तर लिहिली आहे.

आधी घरातला खण उघडा

मागच्या खेपेचं ऑयस्टर कार्ड बहुधा कुठल्या तरी पाकिटात पडून असेल. ते सोबत घ्या. त्यावरची शिल्लक कालबाह्य होत नाही. स्टेशनवरच्या यंत्राच्या पिवळ्या वर्तुळाला कार्ड लावलं की रक्कम दिसते. ऑयस्टर नसेल तर कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड थेट चालतं, मात्र निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि 'टॅप' हे दोन्ही पर्याय चालू करून ठेवा. एका माणसाला एकच कार्ड. नवरा-बायको एकाच कार्डावर एकापाठोपाठ जाऊ शकत नाहीत. आत जाताना फोन टॅप केला आणि बाहेर पडताना तेच कार्ड पाकिटातून काढून लावलं, तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवास होतात आणि दोन्हींना जास्तीत जास्त भाडं लागतं. परदेशी पाहुण्यांचे सर्वाधिक पैसे या चुकीपायी जातात.

दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, तशीच आठवड्यालाही असते. पण तो आठवडा सोमवार ते रविवार असाच मोजतात. गुरुवारी उतरून पुढच्या बुधवारी निघालात तर साप्ताहिक मर्यादेचा फायदा जवळजवळ मिळत नाही. तारखा तुमच्या हातात असतील तर रविवारी पोहोचा. बसमध्ये फक्त चढताना टॅप करायचं, उतरताना नाही. रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी दुसरं भाडं पडत नाही. नदीवरच्या बोटींना हीच कार्डं चालतात, पण बोटीचं भाडं दिवसाच्या मर्यादेत धरलं जात नाही.

त्याच पाकिटात जुने पौंड असतील तर नीट बघा. कागदी २० आणि ५० पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालत नाहीत, कागदी ५ आणि १० च्या तर त्याआधीच बंद झाल्या. पैसे बुडालेले नाहीत. थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या बँक ऑफ इंग्लंडच्या खिडकीवर त्या बदलून मिळतात. कामाच्या दिवशी जा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा, आणि रांगेसाठी वेळ धरा. खाली सिटीची रेघ दिली आहे, त्याच दिवशी हे कामही उरकता येतं.

मागची खेप २०२२ च्या मे महिन्याआधीची असेल तर एलिझाबेथ लाइन तुमच्यासाठी नवी असेल. हीथ्रोहून शहराच्या मध्यातून थेट पूर्वेपर्यंत जाणारी, वातानुकूलित आणि लांबलचक गाड्यांची ही लाइन सामान घेऊन येणाऱ्याला फार सोयीची आहे. ओव्हरग्राउंड या जमिनीवरच्या रेल्वेच्या सहा मार्गांना २०२४ च्या शेवटी स्वतंत्र नावं आणि रंग मिळाले (मिल्डमे, विंडरश, लायनेस वगैरे), त्यामुळे जुना छापील नकाशा आता गोंधळात टाकेल. मुक्कामही यंदा मध्यवस्तीत हवाच असं नाही. झोन २ मध्ये (मध्यवस्तीच्या लगेच बाहेरच्या भाड्याच्या पट्ट्यात), दोन वेगवेगळ्या लाइन चालत्या अंतरावर असतील अशी जागा घ्या. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी एखादी लाइन बंद असणं नेहमीचं आहे. दुसरी हाताशी असली की दिवस वाया जात नाही.

पहिली रेघ: हाउली प्लेस ते किंग हेन्रीज रोड

लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये, व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनला आले तेव्हा मेडा व्हेल भागात १०, हाउली प्लेस इथे राहत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड इथे राहिले. दोन्ही घरं एकाच कालव्याच्या आसपास आहेत आणि मधलं अंतर पायी साधारण साडेचार किलोमीटर भरतं. नुसतं चालायला दीड तास लागेल. थांबत, बघत जायचं तर तीन तास धरा आणि घर आतून बघण्याचा वेळ वेगळा ठेवा.

बेकरलू लाइनच्या वॉरिक अव्हेन्यू स्टेशनवर उतरा. त्याच नावाच्या रस्त्याने दक्षिणेकडे काही मिनिटं गेलं की कालव्यावरचा पूल लागतो. हा भाग म्हणजे लिटल व्हेनिस. रंगवलेल्या चिंचोळ्या बोटी, मध्ये पाण्याचं रुंद तळं, दोन्ही तीरांवर पांढरी घरं. पूल ओलांडून दक्षिण तीराला या. तीरालगतचा रस्ता मेडा अव्हेन्यू, आणि हाउली प्लेस त्याच्या मागच्या बाजूला. घरावर निळी गोल पाटी आहे: लोकमान्य टिळक, भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ. लंडनमध्ये अशा पाट्या लावण्याची सुरुवात १८६६ मध्ये झाली. पाटी असलेली बहुतेक घरं खासगी आहेत आणि हेही तसंच. फुटपाथवरून बघा, फोटो घ्या, पण घंटा वाजवू नका आणि पायऱ्यांवर बसू नका.

आता पूर्वेकडे निघायचं. इथेच पहिली अडचण येते. नकाशात कालव्याकाठची पायवाट सलग दिसते, प्रत्यक्षात या टप्प्यातला काठ बोटींच्या खासगी नांगरणीसाठी राखलेला आहे आणि त्याला कुलूपबंद फाटकं आहेत. तेव्हा वरच्या रस्त्यानेच एजवेअर रोडपर्यंत चाला. तिथे कालवा बोगद्यात शिरतो. मेडा हिलचा हा बोगदा सुमारे २५० मीटरचा आहे आणि आत पायवाटच नाही. घोडे ओढत त्या काळी बोटवाले बोटीवर उताणे पडून भिंतींना पाय लावून बोट पुढे ढकलत, घोडा वरच्या रस्त्याने नेला जाई. आपणही घोड्याचीच वाट धरायची: एजवेअर रोड सिग्नलवर ओलांडून समोरचा ॲबर्डीन प्लेस घ्या, रस्ता डावीकडे वळेल तिथे न वळता सरळ पायवाटेने लिसन ग्रोव्हपर्यंत या आणि तिथून कालव्याकाठी उतरा. उतरण्याची जागा चुकणारे पुष्कळ असतात. फोनमधला नकाशा 'पायी' या पर्यायावर ठेवा आणि कालव्याची निळी रेघ उजव्या हाताला राहील याकडे लक्ष असू द्या.

इथून पुढे वाट सरळ आहे. १८२० मध्ये पूर्ण झालेला हा रीजंट्स कालवा आता रीजंट्स पार्क या बागेच्या उत्तर कडेने जातो, आणि रहदारीचा आवाज अचानक थांबतो. मॅकल्सफील्ड पुलाखाली जरूर थांबा. १८७४ मध्ये बंदुकीची दारू नेणाऱ्या बोटीचा या पुलाखाली स्फोट झाला आणि पूल उडाला. नव्याने बांधताना जुनेच लोखंडी खांब वापरले, पण फिरवून बसवले. बोटी ओढणाऱ्या दोरांनी लोखंडात पाडलेल्या खाचा म्हणूनच खांबांच्या दोन्ही बाजूंना दिसतात: एका बाजूच्या स्फोटाआधीच्या, दुसऱ्या बाजूच्या नंतरच्या. खाचांवरून हाताचं बोट फिरवून बघा. दोर आणि त्यातली माती इतकी वर्षं घासली की लोखंडही झिजतं. पुलाखाली उंच माणसाला वाकावं लागत नाही, पण वाट अरुंद आहे. मागून सायकलची घंटा ऐकू आली की भिंतीकडे सरका, पाण्याकडे नको.

पुढे प्राणिसंग्रहालय कालव्याच्या दोन्ही काठांवर पसरलेलं आहे. डावीकडे जाळ्यांचा उंच, टोकदार पिंजरा दिसतो. तो १९६० च्या दशकात पक्ष्यांसाठी बांधला होता. २०२२ पासून तिथे काळ्या-पांढऱ्या कोलोबस माकडांची वस्ती आहे. तिकीट न काढताही ती काठावरून दिसू शकतात. इथेच वर चढून प्रिन्स अल्बर्ट रोडला या. रस्त्यापलीकडे प्रिमरोझ हिलचं हिरवं मैदान. टेकडी जेमतेम ६३ मीटर उंचीची आहे, पण इथून दिसणारं शहराचं दृश्य नियमाने जपलेलं आहे, त्याच्या आड येतील अशा इमारती उभारता येत नाहीत. शार्डपासून लंडन आयपर्यंत मागच्या खेपेचे सगळे ठिपके इथून एका नजरेत येतात. दुपारपर्यंत पोहोचलात तर दक्षिणेच्या उन्हामुळे फोटो धुरकट येतात. संध्याकाळचा उजेड बरा.

टेकडीच्या उत्तरेला उतरलं की आठ-दहा मिनिटांत किंग हेन्रीज रोड. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये १० क्रमांकाचं घर विकत घेऊन स्मारक केलं. रहिवासी वस्तीत संग्रहालय असावं का, यावरून स्थानिक पालिकेशी झालेला वाद २०२० मध्ये मिटला आणि परवानगी कायम झाली. इथे राहत असतानाच बाबासाहेबांनी १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळवली; रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला. घर छोटं आहे. घाई करू नका, एका वेळी फार मोठा घोळका घेऊन जाऊ नका, आणि उघडं असण्याच्या वेळा आदल्या दिवशी तपासा, कारण सणावारी आणि कार्यक्रमांच्या दिवशी त्या बदलतात. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला गर्दी गृहीत धरा. परतीसाठी नॉर्दर्न लाइनचं चॉक फार्म स्टेशन रेल्वेचा पूल ओलांडून लगेच आहे.

डिसेंबरमध्ये सूर्य दुपारी चारच्या आधी मावळतो. कालव्याकाठी दिवे फारसे नाहीत, म्हणून थंडीत ही रेघ सकाळी दहालाच सुरू करा. पावसानंतर काठाच्या फरशा निसरड्या होतात. पकड असलेले बूट घाला.

हवं तर त्याच दिवशी: हायगेट

पाय शिल्लक असतील तर चॉक फार्महून एक स्टेशन कॅम्डन टाउन, तिथे नॉर्दर्न लाइनचीच पण हाय बार्नेटकडे जाणारी गाडी बदलून आर्चवे. नॉर्दर्न लाइनला फाटे आहेत, फलाटावरच्या फलकावर शेवटचं स्टेशन वाचूनच चढा. आर्चवेहून चढ चढत दहा-पंधरा मिनिटांत क्रॉमवेल अव्हेन्यू येतो. ६५ क्रमांकाचं घर म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ मध्ये उघडलेलं इंडिया हाउस. १९०६ मध्ये लंडनला आलेले विनायक दामोदर सावरकर इथे राहत. निळी पाटी सावरकरांच्या नावाची आहे आणि हेही घर खासगी आहे. जवळच वॉटरलो पार्क, आणि त्याला लागून १८३९ चं हायगेट स्मशान. कार्ल मार्क्सची कबर पूर्वेकडच्या भागात आहे. आत जायला तिकीट लागतं आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बराच आधी असतो. तीन वाजून गेले असतील तर हायगेट दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, पळत बघण्याची ती जागा नाही.

दुसरी रेघ: वकिलांचं लंडन, फक्त बुधवार ते शुक्रवार

वार चुकला की ही रेघ फसते. सर जॉन सोन यांचं संग्रहालय सोमवार-मंगळवार बंद. समोरच्या बागेपलीकडचं हंटेरियन संग्रहालय रविवार-सोमवार बंद. ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेची बाग फक्त कामाच्या दिवशी, तीही दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, बारा ते अडीचच्या सुमारास उघडते. तिन्ही एकत्र जमतात ते बुधवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी.

होबर्न स्टेशनवरून लिंकन्स इन फील्ड्सला दहा वाजता पोहोचा. सोन हे बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुरचनाकार. आपलं राहतं घर आहे तसं जपावं यासाठी त्यांनी १८३३ मध्ये संसदेकडून कायदाच करून घेतला. आरसे, छतातून झिरपणारा पिवळा उजेड, भिंतभर मूर्तींचे तुकडे, आणि तळघरात सेती पहिला या इजिप्शियन राजाची शवपेटी. ब्रिटिश म्युझियमने किमतीमुळे नाकारल्यावर सोन यांनी ती १८२४ मध्ये घेतली. चित्रांच्या छोट्या खोलीतल्या भिंती म्हणजे कपाटासारखी उघडणारी दारं आहेत. एकामागे एक चित्रांचे थर. ती कर्मचारी ठरावीक वेळी उघडून दाखवतात, आत शिरताच पुढची वेळ विचारून घ्या, नाहीतर बंद भिंत पाहूनच परत याल. प्रवेश मोफत आहे पण आत मोजकीच माणसं सोडतात. मोठी पाठपिशवी मुक्कामी ठेवा.

हंटेरियन २०२३ मध्ये नव्याने उघडलं. शल्यचिकित्सेच्या इतिहासाचे, काचेच्या बरण्यांतले खरे मानवी आणि प्राण्यांचे अवशेष तिथे आहेत. डॉक्टरांना अर्धा दिवस पुरणार नाही. लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचार करा.

साडेबाराच्या सुमारास हाय होबर्न ओलांडून ग्रेज इनमध्ये या. आंबेडकर इथूनच बॅरिस्टर झाले. सावरकरांनीही इथेच कायद्याचं शिक्षण पूर्ण केलं, पण त्यांच्या राजकारणामुळे संस्थेने त्यांना सनद दिली नाही. बागेत बाकावर बसून डबा खाता येतो, आसपासचे वकीलही तेच करत असतात. नंतर दक्षिणेकडे स्ट्रँडवर १८८२ चं रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस. सुरक्षा तपासणीनंतर कुणीही आत जाऊन चालू सुनावणी ऐकू शकतो. फोटोला सक्त बंदी. सुनावणी चालू असताना दार हळू ढकला, मागच्या बाकावर बसा. शेवटी टेंपल चर्च, ११८५ मध्ये प्रतिष्ठापना झालेलं गोल देऊळ. भोवतालच्या इनर टेंपल या तशाच संस्थेतून गांधीजी १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले, आणि १९२२ मध्ये त्यांचं नाव तिथल्या यादीतून काढण्यात आलं. ते परत घातलं गेलं १९८८ मध्ये.

तिसरी रेघ: सिटी

सिटी ऑफ लंडन हा जुना एक चौरस मैलाचा भाग शनिवार-रविवारी ओस पडतो. फोटोंसाठी छान, पण चर्चं बहुतेक बंद. कामाच्या दिवशीच जा. १६६६ च्या आगीनंतर क्रिस्टोफर रेन यांनी ५१ चर्चं उभारली. त्यातलं सेंट स्टीफन वॉलब्रुक आधी बघा, सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटाआधी त्यांनी बांधलेला घुमट इथे आहे. रस्त्याच्या पलीकडे, ब्लूमबर्गच्या इमारतीखाली सात मीटर खोल मिथ्रास या रोमन देवाचं मंदिर, १९५४ मध्ये सापडलेलं. मोफत, पण वेळ आधी नोंदवा, सोमवारी बंद. गिल्डहॉलच्या चौकात फरशीत काळी गोल रेघ दिसेल. तिच्याखाली १९८८ मध्ये सापडलेलं रोमन क्रीडांगण आहे, चित्रदालनातून खाली उतरता येतं. बँक ऑफ इंग्लंड याच वाटेवर. थकल्यावर बसायला सेंट डन्स्टन-इन-द-ईस्ट: १९४१ च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या चर्चच्या भिंतींमध्ये फुलवलेली बाग.

उंचावरून शहर बघायला पुन्हा पैसे मोजू नका. स्काय गार्डन मोफत आहे. तिकिटं दर सोमवारी पुढच्या तीन आठवड्यांपर्यंतची खुली होतात आणि सूर्यास्ताच्या वेळा लगेच संपतात. ती हुकली तर बिशपगेटवरचं होरायझन २२ बघा, तेही मोफत आणि त्याहून उंच.

पूर्वेला: गोदामच झालेलं संग्रहालय

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने २०२५ च्या मे महिन्याअखेर स्ट्रॅटफर्डच्या ऑलिंपिक पार्कमध्ये आपलं गोदाम लोकांसाठी उघडलं. दोन लाखांहून अधिक वस्तू उघड्या मांडण्यांवर आहेत, मध्ये काचेची जमीन. आग्र्याच्या किल्ल्यातल्या हमामखान्याचे १७ व्या शतकातले संगमरवरी खांब आणि कमानी इथे उभ्या आहेत. ते बघताना भारतीय माणसाचे पाय थांबतात. इथली अपूर्व सोय म्हणजे संग्रहातल्या पाच वस्तूंपर्यंत मागणी नोंदवून त्या टेबलावर समोर ठेवून बघता येतात, तेही मोफत. दोन आठवडे आधी नोंदवा, म्हणजे भारतातून निघण्यापूर्वीच. संकेतस्थळावर वस्तू शोधताना ती 'स्टोअरहाउस'मध्ये आहे का हे तपासा. साउथ केन्सिंग्टनच्या दालनात मांडलेली वस्तू अशी मागवता येत नाही. हॅकनी विक हे ओव्हरग्राउंडचं स्टेशन स्ट्रॅटफर्डपेक्षा जवळ पडतं.

वाचणाऱ्यांसाठी एक दिवस

ब्रिटिश लायब्ररीचं मॅग्ना कार्टा असलेलं दालन मोफत आहे आणि तासाभरात होतं. खरा ठेवा वर आहे: १६०० पासूनची ईस्ट इंडिया कंपनी आणि इंडिया ऑफिसची दफ्तरं, सुमारे १४ किलोमीटर भरतील एवढ्या कपाटांत. गावाचा जुना नकाशा, पूर्वजांची नोकरी, पेशवाईतला पत्रव्यवहार यांचा माग काढायचा असेल तर वाचक-कार्ड मोफत मिळतं. एक सहीचा आणि एक पत्त्याचा पुरावा मूळ प्रतीत न्या. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्या. कोट आणि पिशव्या खाली लॉकरमध्ये. संदर्भ क्रमांक घरूनच काढून ठेवा, कारण कागद मागवल्यावर लगेच हातात येत नाहीत आणि सूची चाळण्यातच दिवस संपतो.

जुनी ठिकाणं पुन्हा, पण शुक्रवारी संध्याकाळी

ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दहापर्यंत उघडी असतात. सहानंतर सहली ओसरतात. एकाच दालनाचा नेम धरा. ब्रिटिश म्युझियममध्ये ३३अ ही खोली: अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं, पहिल्या वेळी ममींकडे धावताना हमखास सुटलेली. एका शिल्पपट्टीसमोर वीस मिनिटं उभं राहायला इथे कुणी हटकत नाही. बंद होण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी दालनं रिकामी करायला सुरुवात होते, म्हणून सातच्या आत पोहोचा. आणि प्रवास डिसेंबरअखेरचा असेल तर २५ तारखेला ट्यूब, बस काहीही धावत नाही. त्या दिवशी मुक्कामापासून पायी जमेल तेवढीच रेघ आखा. मेडा व्हेल किंवा कॅम्डनजवळ उतरला असाल तर कालव्याचा काठ त्या दिवशीही खुला असतो.